स्पितीला जिम्नी नेताय? मोठ्या टायरबद्दल थोडं

पुणे ते काझा (हिमाचलमधल्या स्पितीचं मुख्य गाव), दोन जिम्नी, म्हणजे मारुतीच्या छोट्या ४x४ गाड्या. माझ्या गाडीला २१५/७५ आर१५ एटी (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर, मित्राच्या गाडीला २३५/७५ आर१५, रिम दोघांचे कंपनीचेच, लिफ्ट किट (गाडी उचलून उंच करणारं सस्पेन्शनचं सामान) कुणालाच नाही. आल्यापासून जो भेटेल तो विचारतोय मोठे टायर टाकू का, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी हिशोब. कंपनीचा १९५/८० आर१५ साधारण ६९३ मिमी उंच, माझा ७०४च्या आसपास, मित्राचा ७३३. म्हणजे त्याला ४० मिमी वाढले, पण डिफखाली (अ‍ॅक्सलच्या मधला, खाली लोंबणारा गिअरचा गोळा) मिळाले त्याच्या निम्मे, २० मिमी. फोटोत गाडी खतरनाक दिसते हे मान्य, पण गिअरिंग जवळपास ६ टक्के लांब होतं, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ तेवढी कमी, वर टायरचं वजन, आणि हे इंजिन बिनटर्बोचं पेट्रोल, साडेचार हजार मीटरवर कुंझुम खिंडीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद तशीच गेलेली असते. बातलच्या पुढच्या चढाला मी दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत का होईना निघत होतो, तो पहिल्यात, एका हेअरपिनला ट्रकमागे थांबून परत उचलताना क्लचचा वास यायला लागला तेव्हा गपचूप ४एल (चारही चाकांना ताकद, पण हळू आणि जास्त ओढीचा गिअर) टाकला त्याने.

अटल टनेलमधून बाहेर पडून उजवीकडे कोकसर, मग ग्राम्फू, तिथून बातलपर्यंत खरी परीक्षा, नुसते गोटे आणि नाले. छत्रूच्या पुढे दगड चुकवायला फुल लॉक मारला, म्हणजे स्टेअरिंग पूर्ण वळवलं की त्याचं पुढचं चाक बंपरच्या आतल्या प्लॅस्टिकला खर्रर्र घासायचं. पुण्यात घासत नव्हतं, कारण तिथे सस्पेन्शन दबलेलंच नव्हतं. त्यामुळे टायर बसवल्यावर दुकानासमोर गोल फिरवून खूश होऊ नका, सगळं सामान भरा, एक चाक फुटपाथवर चढवा आणि दोन्हीकडे लॉक मारून बघा. नाल्यात मात्र त्याची गाडी माझ्यापेक्षा निवांत निघाली, खोटं कशाला बोलू. पण नाले सकाळी लवकर पार केले तर एवढी उंची लागतच नाही, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं.

माझं मत विचाराल तर स्पितीत उंचीपेक्षा साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत बघा. इथे टायर बाजूने फाटतो, आणि बाजूचा कट पंक्चरच्या दोरीने बसत नाही. हवा मी २४ पीएसआयवर आणली होती, गोट्यांवर दणके लगेच कमी झाले, पण २२च्या खाली नको, साईडवॉल फुगून बाहेर येते आणि दगडाला आयती मिळते. गंमत म्हणजे खाली भरलेली हवा वर गेल्यावर गेजला जास्त दिसते, बाहेरचा दाब कमी होतो ना, थंडीने थोडी उतरते तरी दोनतीन पीएसआय चढलेलीच असते, म्हणून बातलला एकदा परत मोजा. मनालीनंतर धड पंक्चरवाला थेट काझ्याला, त्यामुळे कॉम्प्रेसर स्वतःचा पाहिजे.

आणि टायर पाचच घ्यायचे, चार नाही!! जिम्नीला सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, स्टेपनी वेगळ्या उंचीची लावून ४एच (नेहमीच्या वेगाचा ४x४) टाकला तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर ताण येतो. मोठी स्टेपनी मागच्या दाराला लटकते, खडखड वाढली की बिजागऱ्यांचे बोल्ट तपासा.

पेट्रोल मनालीत टाकी फुल करून निघा, पुढचा पंप काझ्यात, मध्ये सुमारे २०० किमी. मोठ्या टायरवर ओडोमीटर किलोमीटर कमी दाखवतो, १०० दाखवले तर २३५ वर खरे जवळपास १०६ झालेले असतात, अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून बोंब मारण्याआधी तेवढं धरा.

इन्शुरन्सवाल्याला साईझ बदलल्याचं लेखी कळवा, क्लेमच्या वेळी हेच निमित्त काढतात. २१५ला मला कुठेही घासलं नाही, कुठे अडकलोही नाही. २३५ टाकायचेच असतील तर आधी लिफ्टचा खर्च धरा, आणि जमलं तर ते सह्याद्रीतल्या चिखलासाठी ठेवा, तिथे इंजिनला हवा तरी पुरते.