मिठाच्या बरणीतला आकडा

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की नौपाड्यातल्या आमच्या घरी बाथरूमचं दार लागेनासं होतं. लाकूड फुगतं. मग दिवाळी जवळ येईपर्यंत दार नुसतं लोटून घ्यायचं आणि आत असेपर्यंत मोठ्याने गाणं म्हणायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. पाहुण्यांना ती आधीच सांगावी लागते.

दाराचं एक वेळ चालतं, पण दोन वर्षांपूर्वी माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये कोळिष्टकासारखी बुरशी निघाली आणि मी इरेला पेटलो. हवेतला दमटपणा मोजायचाच, असं ठरवून काडेपेटीएवढा एक डिजिटल आर्द्रतामापक मागवला. त्याने आकडा दाखवला ७१, म्हणजे हवेत जास्तीत जास्त मावेल त्या वाफेच्या ७१ टक्के. मला तो पटेना, म्हणून दुसरा मागवला. तो म्हणाला ८३. एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोघं, आणि फरक बारा टक्क्यांचा!

आई स्वयंपाकघरातून बघत होती. "अरे, मिठाला पाणी सुटलंय, पापड सादळलेत. आणखी काय मोजायचंय तुला?"

सादळणे! भिजलेलं नाही, ओलंही नाही, पण कुरकुरीतपणा गेलेला. या शब्दाला टक्क्यांत काय म्हणायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

मग मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जुनी रीत काढली. दोन साधे थर्मामीटर आणले. एकाच्या फुग्याला आजोबांच्या धोतराची पट्टी गुंडाळली, तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं आणि पंखा लावला. कापडातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे ओल्या थर्मामीटरचा पारा उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका जास्त. माठाचं काम याच तत्त्वावर चालतं, म्हणून तर मे महिन्यात नाशिकच्या मावशीकडचा माठ दात शिवशिवेल असं पाणी देतो आणि आमचा ठाण्याचा माठ नुसताच शोभेला बसतो. माझा कोरडा थर्मामीटर ३० वर होता, ओला २७ वर. जेमतेम तीन अंशांचा फरक. कोष्टकात पाहिलं, साधारण ७९ टक्के. म्हणजे दोन्ही डिजिटल डब्या खोटं बोलत होत्या, एक खालच्या बाजूने, एक वरच्या.

बायकोचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, माझे केस बघितले असते तरी कळलं असतं. हे ती चेष्टेत म्हणाली, पण सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली नेमकं यावरच पुस्तक लिहिलंय. माणसाचा केस पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेला की दोन-अडीच टक्क्यांनी लांब होतो. सोस्यूरने केसांचा तेलकटपणा काढून टाकला, केस ताणून बसवला आणि त्याची हालचाल काट्याने मोठी करून दाखवली. पुढे दीडेकशे वर्षं तरी हवामानखात्यांची कामं अशा केसांवर चालली. हे ऐकून बायकोने "मग?" एवढंच विचारलं.

पण खरी गंमत मिठाची. डिजिटल डबी तपासायची कशी, हे शोधताना कळलं की त्यासाठी मीठच वापरतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यावर पाण्याचे चार थेंब टाकायचे. विरघळू द्यायचं नाही, चौपाटीच्या ओल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. ते झाकण आणि डबी एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. पिशवीतली हवा जास्त दमट असेल तर मीठ पाणी ओढून घेतं, कोरडी असेल तर सोडतं, आणि हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. खोली थोडी गार असो की गरम, आकडा फारसा हलत नाही. सकाळी पिशवीत माझी पहिली डबी ६८ दाखवत होती, दुसरी ७९. म्हणजे एकीत सात मिळवायचे, दुसरीतून चार वजा करायचे. आदल्या दिवशीच्या आकड्यांना हा हिशेब लावला तर ७८ आणि ७९! आजोबांच्या धोतराची लाज राहिली.

याचाच अर्थ असा की हवा पंचाहत्तरच्या वर गेली की मिठाला पाणी सुटणार, खाली आली की सुटणार नाही. आईची बरणी चाळीस वर्षं हेच सांगत होती. पूर्वी ती जाडं मीठ आणायची, ते मात्र उगाच घाबरट. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड बऱ्याच कोरड्या हवेतही पाझरायला लागतं. पाकिटातलं बारीक मीठ त्या मानाने शब्दाला पक्कं.

त्या रविवारी मी आणखी एक हिशेब केला. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. माझी खोली दहा बाय बाराची, उंची नऊ फूट, म्हणजे जवळजवळ ३० घनमीटर. ऐंशी टक्क्यांना त्या हवेत पाऊण लिटरच्या आसपास पाणी झालं. मी पलंगावर पडल्यावर वर बघतो तेव्हा आता पंख्याभोवती एक भरलेला तांब्या तरंगताना दिसतो. सॉक्स वाळायला तीन दिवस का लागतात, हा प्रश्न मी विचारायचा सोडलाय.

परवा दुसरी डबी टेबलावर नव्हती. सगळीकडे शोधली, कॅमेऱ्याची बॅगसुद्धा उलटी केली. आईला विचारलं तर ती शांतपणे उठली आणि फडताळातून पापडांचा डबा काढून तिने माझ्यासमोर ठेवला. उडदाच्या पापडांच्या चवडीवर डबी बसली होती.

"झाकण नीट बसतंय का, ते बघत होते," आई म्हणाली.

आकडा होता ५८. मी मनातल्या मनात चार वजा केले.