आसारी धरणारी

१५ जानेवारी, रात्री

दुपारी दादाचा फोन आला. येवल्यात भोगीला सुरू झालेले पतंग आज करीच्या दिवशी संपणार, त्यामुळे मागे हलकडी जोरात वाजत होती आणि त्या गोंगाटात तो शेजारच्या कोणाला तरी सांगत होता, ‘‘मी अख्खी गल्ली काटायचो, आणि ही आपली आसारी धरायची.’’ पुढे बोलणे नानांच्या औषधांवर आणि तिळाच्या लाडवांवर गेले. मी सगळ्याची नीट उत्तरे दिली. फोन ठेवल्यावर मात्र कशातच मन लागेना, आणि संध्याकाळी दिवा लावताना डोळे भरून आले.

आसारी, म्हणजे मांजा गुंडाळलेली फिरकी, मी धरायची, हे खरेच आहे. पण त्याआधीचेही सगळे मीच करत होते. गव्हाच्या पिठाची खळ मी शिजवायची, कारण दादाच्या खळीत नेहमी गुठळ्या व्हायच्या आणि गुठळीवर कागद फुगून राहायचा. कमानीची कामटी तोडून घ्यायचे काम त्याचे. ती दोन्ही टोकांकडे सारखी बारीक होईपर्यंत काचेच्या तुकड्याने तासायचे माझे. एक बाजू जराशी जड राहिली तरी पतंग तिकडेच झुकतो, म्हणून मांजा जोडायचे मंगळसूत्र पतंगाला बांधण्याआधी तो बोटावर तोलून बघायचा आणि हलक्या बाजूला चिंधीची कन्नी बांधायची. मांजा सुतायच्या दिवशी बाटल्यांच्या काचेची पूड जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची, सरस वितळवताना उठणारा तो वास दिवसभर केसांत घेऊन फिरायचे, आणि दोन खांबांत ताणलेल्या दोऱ्यावरून दादा लुगदी फिरवत पुढे गेला की मागून चिमटीने जास्तीची लुगदी निपटत चालायचे. चिमटीला चिरा पडायच्या. माईंना त्या दिसायच्या, पण त्यांचे म्हणणे एवढेच असायचे की पोरीने उन्हात घराच्या धाब्यावर, गच्चीवर, उभे राहू नये. त्याविषयी आज लिहीत नाही.

एवढे सगळे करून दोरा हातात कधी आला? पतंग उंच स्थिर झाल्यावर, दादा पाणी प्यायला गेला तर, तेवढाच. तो परत येईपर्यंत हाताला जी ओढ लागायची, ती सोडताना जिवावर यायचे. आपणच ताणलेला, आपणच निपटलेला मांजा, आणि पतंग काटला की ‘वकाट’ म्हणून ओरडायचे तेही दुसऱ्याच्या नावाने! इतक्या वर्षांनी असले दुःख उगाळू नये हे कळते, पण आज ते उगाळल्याशिवाय झोप येईल असे वाटत नाही.

आताच्या मुलांच्या हातात नायलॉनचा मांजा असतो, हेही दादाच सांगत होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैमध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून मिळतोच. आमचा सुती दोरा तुटायचा. हा तुटत नाही, झाडात अडकून राहतो आणि पाखरांचे पंख, माणसांचे गळे चिरतो. आमच्या दोऱ्यात कच्ची जागा असायची आणि आसारी गुंडाळताना ती बोटांना कळायची. मी तेवढा तुकडा तोडून गाठ मारायची. दादाला त्यातल्या निम्म्या गाठींचा पत्ताही नसेल.

लिहिता लिहिता आणखी एक आठवते आहे. पतंग उडवणाऱ्याची नजर पतंगावर खिळलेली असते. आजूबाजूच्या धाब्यांवर काय चालले आहे, ते आसारी धरणाऱ्यालाच दिसते. एका संक्रांतीला मागच्या आळीतला लाल पतंग खालून येत होता आणि दादा ओढायच्या बेतात होता. मी ओरडले, ‘‘ढील दे!’’ त्याने बोटे सैल केली आणि आसारी माझ्या हातांत गरगरू लागली. ढिलीचा पेच असा असतो, की दोरा अडला तर संपलेच. दांड्याची दोन्ही टोके मुठींत इतकी सैल धरावी लागतात, की आसारी फिरेल पण निसटणार नाही. तळवे पोळले. वरचे मला काही दिसत नव्हते, कारण मी आसारीवर उरलेला दोरा बघत होते. तो संपत आला होता, खालची कामटी दिसू लागली होती. मग धाब्याधाब्यांवरून आरडाओरडा झाला, लाल पतंग हेलकावे खात निघाला, आणि दादाने आकाशाकडे न बघता आधी मागे वळून माझ्याकडे बघितले.

म्हणजे त्याला माहीत होते. चारचौघांत सांगताना माणूस आपल्या बाजूचेच सांगतो, आणि त्याची बाजू दोऱ्याची होती, एवढेच. माझी बाजू सांगायला तो बांधील नाही. ती मी आज इथे लिहून ठेवली आहे. लाल पतंगाच्या वेळी ढील माझ्या सांगण्यावरून गेली होती, आणि गुंडाळायला बसले तेव्हा अख्ख्या आसारीच्या दोऱ्यात एकही गुंता नव्हता.