साखर न देणारा कारखाना

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये घर घेतलं की वीज, पाणी, कचऱ्याची गाडी आणि ग्रीन बे पॅकर्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम एकदमच लागू होतात. पहिल्या तिन्हींचं बिल येतं. चौथ्याचं येत नाही, पण वसुली होतेच. सप्टेंबर ते जानेवारीतल्या कुठल्याही रविवारी दुपारी बाराला आमच्या ॲपलटनच्या दुकानात जाऊन बघा. सामना सुरू असला तर पैसे घ्यायला बसलेली पोरगी तुमच्याकडे दयेनं बघते. बाकीच्यांचा किराणा शनिवारीच उरकलेला असतो. सकाळी चर्चमध्येही हिरव्या-पिवळ्या जर्स्या घातलेली माणसं दिसतात आणि पाद्रीबुवांना त्यात काही वावगं वाटत नाही.

ग्रीन बे इथून गाडीनं अर्ध्या तासावर. वस्ती लाखाच्या जरा वर. ज्या लीगमध्ये न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस यांच्या टीम आहेत, तिथं हे एवढंसं गाव १९२१ पासून ठाण मांडून बसलंय आणि १३ वेळा विजेतं ठरलंय. सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, करंडक ज्या व्हिन्स लोम्बार्डींच्या नावानं देतात, ते इथलेच कोच. त्यांच्या काळातला ३१ डिसेंबर १९६७ चा सामना इकडे अजून काल झाल्यासारखा सांगतात. उणे २५ अंश सेल्सिअस, मैदानाखालची गरम करायची यंत्रणा बंद पडलेली, पंचांच्या शिट्ट्या गोठलेल्या आणि शेवटच्या काही सेकंदांत क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा डाव चालवणारा, बार्ट स्टार स्वतःच चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे पडला. डॅलस १७, ग्रीन बे २१. त्या दिवशी स्टेडियममध्ये पन्नासेक हजार माणसं होती. मला आजवर भेटलेले सत्तरीपुढचे झाडून सगळे त्यांतलेच.

खेळ म्हणाल तर चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. बाकीचे नियम जाडजूड पुस्तकात आहेत आणि ते पंचांनाही मधूनमधून टीव्हीवर बघूनच आठवतात. तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. उरलेला वेळ जाहिराती, खलबतं आणि घोळका करून उभी राहिलेली धिप्पाड माणसं. याला वैतागून आमचे बरेचसे मराठी मित्र पहिल्या मोसमातच मोबाइलवरच्या क्रिकेटकडे परत गेले. ज्यांनी पाच दिवसांच्या अनिर्णित कसोट्या पाहिल्या त्यांना तीन तासांचा धीर नसावा, याची मला गंमत वाटते.

मला मात्र तो मधला वेळच आवडायला लागला. त्याला कारण आमच्या शेजारचे आजोबा, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेले. एक प्रयत्न संपला की पुढच्यासाठी चाळीस सेकंद मिळतात आणि आजोबांचं सगळं सांगणं त्या चाळीस सेकंदांत बसतं. काय झालं ते सांगत नाहीत, काय होणार ते सांगतात. "चेंडूकडे बघू नकोस," म्हणतात, "तो जाड्या बघ." जाड्या म्हणजे पुढच्या ओळीतला, जमिनीवर एक हात टेकून वाकलेला, दीडशे किलोचा गडी. त्याच्या बोटांवर भार असेल, बोटांची पेरं पांढरी पडली असतील, तर तो पुढं मुसंडी मारणार, म्हणजे चेंडू घेऊन कुणीतरी धावणार. बोटं नुसती टेकवल्यासारखी असतील तर तो मागं सरणार, म्हणजे चेंडू हवेतून जाणार. टीव्हीवर कॅमेरा जवळ गेला की मी आता पेरंच बघतो. अंदाज बरोबर आला की आजोबा माझ्याकडे न बघता चीजची वाटी सरकवतात. ताज्या चीजचे ते गोळे दातांखाली कुरकुरत नाहीत, चक्क चूं-चूं करतात. आवाज आला नाही तर माल शिळा.

आमच्या गावाकडच्या फोनचं वेळापत्रकही या मोसमात बदलतं. आमचे बारा म्हणजे तिकडचे रात्रीचे साडेदहा, नोव्हेंबरात घड्याळं मागं गेली की साडेअकरा. त्यामुळे अण्णा त्याआधी तासभर फोन करतात आणि शेवटी विचारतात, "आज कुणाशी हाय?" खेळातलं त्यांना काही कळत नाही. पण मी टीमचा शेअर घेतलाय म्हटल्यावर ते सावरून बसले, कारण शेअर, सभासद, वार्षिक सभा हे त्यांचं घरचं मैदान. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे ते जुने सभासद.

"किती रुपयांचा?"

"तीनशे डॉलर."

"लाभांश?"

"नाही."

"विकता येतो?"

"नाही."

"मॅचचं तिकीट तरी?"

"मोसमभराच्या तिकिटांची रांग वेगळी आहे अण्णा. एक लाख चाळीस हजारांच्या वर नावं आहेत. लोक पोर जन्मलं की नाव घालून ठेवतात."

"मग साखर तरी देतात का?"

साखरही देत नाहीत. रीतसर छापलेलं प्रमाणपत्र मात्र येतं. ते मी चौकट करून भिंतीवर लावलंय. शिवाय संचालक मंडळाला मत देता येतं. हे ऐकल्यावर अण्णांचा सूर बदलला. "पॅनेलं किती असतात?" संचालकांची एक यादी येते, आपण हो म्हणायचं, एवढंच असतं, असं मी सांगितलं. "बिनविरोध म्हण की," अण्णा म्हणाले आणि त्यांचा उत्साह निम्मा झाला.

पण हा कारखाना चालतो कसा ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. टीम १९१९ ची. कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणानं आपल्या मालकाकडून, म्हणजे मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीकडून, गणवेशाचे पैसे मिळवले. पॅकर्स हे नाव तिथून आलं. पुढं पैशांची ओढाताण व्हायला लागली, तेव्हा १९२३ मध्ये गावकऱ्यांना पाच-पाच डॉलरचे शेअर विकून टीम वाचवली. तेव्हापासून अडीनडीला अशी विक्री होत आली. मी घेतला तो २०२१-२२ च्या सहाव्या विक्रीतला. आज पाच लाखांवर भागधारक आहेत आणि दोन लाखांपेक्षा जास्त शेअर एकाच्या हाती जाऊ नयेत असा नियम आहे. अशी मालकी अख्ख्या लीगमध्ये या एकाच टीमची. लीगनं नंतर नियम करून टाकला की टीमला एक मुख्य मालक पाहिजेच, पण ग्रीन बेला जुनं म्हणून हात लावला नाही.

अण्णांना सगळ्यांत आवडलं ते विक्रीचं कलम. सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की टीम कधी विकली तर येणारे पैसे सैनिकांच्या स्मारकाला जातील. आता ते टीमच्या धर्मादाय संस्थेला जातील असं आहे. म्हणजे विकून कुणाच्याच खिशात दमडी पडणार नाही, मग विकायचा विचार कोण कशाला करील! बाकीच्या गावांचं काय झालं तेही मी त्यांना सांगितलं. बाल्टिमोरची टीम मालकानं १९८४ च्या मार्चमध्ये रातोरात ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेली. सकाळी उठून बघतात तर कार्यालय रिकामं. सेंट लुईसची टीम २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला गेली, ओकलंडची २०२० मध्ये लास व्हेगासला. अण्णा जरा वेळ गप्प होते. त्यांचा कारखाना गेली काही वर्षं भाड्यानं चालवायला दिलाय. "आमच्या पोटनियमांत असलं कलम पाहिजे होतं," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या विषयावर गेले.

भागधारकांची सभा जुलैत भरते, खुद्द स्टेडियमच्या बाकांवर. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. डोक्यावर फोमचे चीजचे त्रिकोण, म्हणजे इथल्या चाहत्यांच्या टोप्या, घातलेले हजारो सभासद बघून ते आधी हसले, मग कान देऊन ऐकायला लागले. ताळेबंद वाचून दाखवतात, जमा-खर्च जाहीर करतात. इतर टीमचे मालक आकडे झाकून ठेवतात, इथं मात्र ते दरवर्षी चव्हाट्यावर. "कुणी उठून प्रश्न विचारत नाही?" अण्णा म्हणाले. "माइक हिसकावत नाही?" असं काही होत नाही म्हटल्यावर त्यांना ती सभा खरी वाटेना.

मालकीचा खरा मोबदला मला मिळाला तो हिवाळ्यात. मोठा बर्फ पडला की टीमकडून गावाला आवाहन होतं: या आणि बाकं मोकळी करा. तासावर मजुरी, फावडं त्यांचं. ग्रीन कार्ड येण्याआधी ही मजुरी घेता येत नव्हती, म्हणून आल्याबरोबर गेलो. पायऱ्यांवरून खालपर्यंत घसरगुंड्या लावलेल्या असतात. बाकांवरचा बर्फ फावड्यानं ओढून त्यात ढकलायचा, तो सरसरत खाली मैदानाच्या कडेला. धातूच्या बाकावर फावडं घासलं की अंगावर काटा येतो. माझ्या डाव्या हाताला एक दंतवैद्य होती, उजवीकडे हायस्कूल नुकतंच संपवलेली दोन पोरं. वैद्यबाईही भागधारक निघाल्या. दोघं मालक दिवसभर मजुरीवर राबलो आणि पोरांपेक्षा हळू काम केलं म्हणून त्यांची बोलणीही खाल्ली.

आता मुद्दा वारसाचा. हा शेअर विकता येत नसला तरी घरातल्या माणसाला देता येतो. आमची एकुलती एक शिकागोला शिकायला गेली आणि पुढच्याच हिवाळ्यात बेअर्सची झाली. शिकागो बेअर्स म्हणजे पॅकर्सचं १९२१ पासूनचं हाडवैर. शेजारच्या आजोबांना ही बातमी आम्ही बेतानंच सांगितली. अण्णांनी मात्र परवा फोनवर सरळ विचारलं, "वारसाची नोंद केलीस का?"

म्हटलं, "करायची तर तिचीच करावी लागेल आणि ती म्हणते, सभेला येईन, पण बेअर्सची टोपी घालून."

"येऊ दे की," अण्णा खूश होऊन म्हणाले. "सभेला एक तरी विरोधक पाहिजेच."