वजनकाट्यावरचा हात

मालीश आणि व्यायामाने उपचार करण्याच्या, सांगलीच्या विश्रामबागेतील माझ्या दवाखान्यात स्वयंपाकघरात वापरतात तसा एक छोटा डिजिटल वजनकाटा होता. व्यायामाच्या वेळी रुग्णांच्या मनगटाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या आम्ही दवाखान्यातच शिवतो आणि त्या अर्ध्या किलोच्या झाल्या की पाऊण किलोच्या, हे पाहण्यापुरता त्याचा उपयोग होत असे. त्या काट्यावर एखाद्या पैलवानाचा हात ठेवून घ्यावा लागेल, असे जानेवारीतील त्या मंगळवारपर्यंत मला कधी वाटले नव्हते.

पैलवान रुग्ण नव्हते. रुग्ण होत्या त्यांच्या धाकट्या बहीण, तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार, वय ५२. (त्यांच्या परवानगीने लिहीत आहे; गावाचे नाव मुद्दाम टाळले आहे.) दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्या वेळी काखेतील लसीका ग्रंथी, म्हणजे आपण ज्यांना नुसत्या ‘गाठी’ म्हणतो त्या, काढाव्या लागल्या आणि नंतर त्या भागाला रेडिएशनही देण्यात आले. आजार आटोक्यात आला. वर्षभराने एप्रिलची खरड छाटणी उरकली आणि उजवा हात जड वाटू लागला. कामाने आला असेल, असे म्हणून त्यांनी तो तसाच वापरला. पुढे बांगड्या मनगटात रुतू लागल्या, ब्लाउजची उजवी बाही शिंप्याकडून दोन बोटे रुंद करून घ्यावी लागली, आणि एका ठिकाणी दाखवायला गेल्या तेव्हा ‘गाठी काढल्यावर अशी सूज राहतेच’ एवढेच ऐकून त्या परत आल्या. सूज राहते हे खरे आहे. तिच्यावर काहीच उपाय नसतो, हे मात्र खरे नाही.

डिसेंबरात त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या, तेव्हा मी त्यांच्या हाताला मोजपट्टीसुद्धा लावली नाही. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल आणि तापलेली होती, अंगात कणकण होती. घडांची विरळणी करताना कात्रीचे टोक बोटाला लागले होते आणि हात ठणकू लागल्यावर पैलवान भावाने, म्हणजे दादांनी, सलग तीन रात्री कोमट तेलाने तो रगडून काढला होता. लसीकेचा, म्हणजे ऊतींतून गोळा होणाऱ्या द्रवाचा, निचरा मंदावलेल्या हातात अशा बारीकशा जखमेतूनही जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो, आणि तशा हाताला मालीश करणे म्हणजे तो संसर्ग पुढे ढकलण्यासारखे आहे. मी त्यांना तेथूनच डॉक्टरांकडे पाठवले. प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स झाला, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कर्करोग पुन्हा उद्भवलेला नाही याची खात्री करून दिली, आणि त्यानंतरच आम्ही कामाला लागलो. आमच्या व्यवसायात हात लावण्यापेक्षा हात आवरता घेण्याची परीक्षा अधिक अवघड असते; एकाच पोटरीला अचानक आलेली दुखरी सूज, हृदयाच्या विकारामुळे दोन्ही पायांवर आलेली सूज, तापाबरोबरची लाली, यांपैकी काहीही दिसले की मालीश बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा लागतो.

ही सूज साध्या मुक्या माराच्या सुजेसारखी का नसते, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. रक्त केशवाहिन्यांतून जाताना त्यातील काही द्रव प्रथिनांसह ऊतींत झिरपत राहतो, आणि तो गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. त्यांना हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. मोठ्या लसीकावाहिन्यांच्या भिंती मिनिटाला काही वेळा स्वतःच आकुंचन पावतात, आतील झडपा द्रव मागे येऊ देत नाहीत, आणि शेजारच्या स्नायूंची हालचाल व खोल श्वास यांनी उरलेला रेटा मिळतो. काखेतील ग्रंथी काढल्या की हाताचा हमरस्ताच बंद होतो. अशा हातावर कोमट तेलाने जोरात मालीश केली, तर तेथे रक्त अधिक येते, रक्त अधिक आले की झिरपही वाढते, आणि वाट आधीच अरुंद असल्यामुळे सूज चढते. शिवाय सर्वांत बारीक लसीकावाहिन्या अगदी कातडीखाली असतात. कातडी हलकेच ताणली की त्यांना धरून ठेवणारे सूक्ष्म तंतू त्यांची तोंडे उघडतात. अंगठ्याने दाबले की त्या चेपल्या जातात.

हलक्या हाताच्या उपचाराची ही पद्धत बरीच जुनी आहे. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करत असताना हाताने लसीकेचा निचरा करण्याचे तंत्र बसवले आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये ते लोकांसमोर मांडले. आज त्याला बँडेज, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड देऊनच ते वापरतात. नुसत्या मालिशीवर विसंबणारा थेरपिस्ट मला अर्धवट वाटतो.

तीन आठवडे त्या रोज सांगलीला येत होत्या आणि मोटारसायकलवर मागे बसवून दादा त्यांना आणत होते. दादा तरुणपणी कुस्तीचे फड गाजवलेले, आता गावच्या तालमीत पोरांना तयार करणारे वस्ताद. पहिल्या दिवशी दर ४ सेंटिमीटरवर दोन्ही हातांचा घेर घेऊन मी घनफळ काढले, तेव्हा उजवा हात डाव्यापेक्षा सुमारे ६२० मिलिलिटरने जास्त भरला. माझ्याकडचे उपचार संपल्यावर घरी रोज कोणीतरी हे काम करणे आवश्यक होते. गळा, छाती आणि पोटाचा भाग सुनेने शिकून घेतला. पण तिचे दिवस भरत आले होते, त्यामुळे हात आणि बँडेज आपण करू, असे दादा म्हणाले. बँडेज त्यांना एका दिवसात आले. आधी सुती जाळी, मग प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी, त्यावर कापसाची गादी आणि सर्वांत वर कमी ताणाचे बँडेज, मनगटाशी घट्ट आणि खांद्याकडे सैल होत जाणारे. मनगटे आणि गुडघे बांधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात नवे काही वाटले नाही.

अडले ते मालिशीपाशी.

त्या मंगळवारी मी त्यांना बहिणीच्या दंडावर हात फिरवायला सांगितले आणि पाहते तो बोटांखालची कातडी पांढरी पडलेली. “हलका ठेवा वस्ताद,” मी म्हणाले. “हलकाच हाय की मॅडम, लोण्यावानी,” ते म्हणाले, आणि ते खोटे बोलत नव्हते. तालमीत मातीतून उठलेल्या पोराच्या मांड्या ज्या हाताने रगडायच्या, त्या हाताला हेच हलके. चार वेळा सांगून झाल्यावर मला काट्याची आठवण झाली. तो टेबलावर मांडून मी म्हणाले, “आत्ता ताईंच्या दंडावर ठेवला होता तसाच यावर ठेवा.” काट्याने १ किलो ३५० ग्रॅम दाखवले. ते आकड्याकडे बघत राहिले. मग मी माझी बोटे ठेवून दाखवली. आकडा शंभराच्या आसपास थांबला. (हे मोजमाप शास्त्रीय नव्हे, कारण दाब वजनाबरोबरच किती जागेवर पडतो यावरही अवलंबून असतो, पण समजावण्यापुरते ते पुरेसे होते.) त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नऊशे, मग सातशे. हात वर उचलून धरला की तो थरथरू लागे आणि टेकवला की पुन्हा पाऊण किलो. साठीतला धिप्पाड माणूस घामाघूम झाला.

वाट दाखवली ती बहिणीने. “दादा, एक्स्पोर्टचा माल काढतूस तवा घड कसा धरतूस? मण्यावरची पांढरी पावडर पुसायची न्हाई म्हणून देठाला धरतूस न्हवं? आन् मण्याला बोट लावायचंच झालं, तर कसं लावशील?” द्राक्षाच्या मण्यावरचा तो पांढुरका थर एकदा पुसला गेला की मालाचा भाव पडतो, हे त्या पट्ट्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. दादांनी डोळे मिटले, खांदा सैल सोडला आणि बोटे काट्यावर टेकवली. ११० ग्रॅम.

त्यानंतर क्रम समजावणे सोपे गेले. सूज हाताला, तर सुरुवात गळ्यापासून का, हे त्यांना आधीपासून पटत नव्हते. मी म्हणाले, कृष्णेला पूर आला की सांगलीचा माणूस सर्वांत आधी कशाची चौकशी करतो? “अलमट्टीतनं किती सोडलं त्याची,” उत्तर तयार होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते, ते दिवस कोणी विसरलेले नाही. कृष्णेवर सांगलीच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा सांगलीच्या पुराशी नेमका किती संबंध, यावर वाद आहेत आणि ते होत राहोत. पण खालचे पाणी ओसरल्याखेरीज वरचे हलत नाही, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. गळ्याजवळच्या आडव्या हाडामागे लसीका रक्तात मिसळते, म्हणून तो दरवाजा प्रथम उघडायचा. मग डावी काख आणि उजवी जांघ, कारण बंद झालेल्या वाटेचे पाणी आता या शेजारच्या दोन वाटांनी न्यायचे आहे. त्यानंतर छातीचा भाग, खांदा, दंड, आणि सर्वांत शेवटी मनगट व बोटे. दादांनी दंडापुरते करून दाखवले. दहा मिनिटांत ताईंचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी मनगटाचा घेर दीड सेंटिमीटरने उतरला होता आणि दादा ते आपल्या हाताचे यश समजत होते. मला ते तसेच राहू द्यावेसे वाटले, तरी खरे ते सांगितले. त्यातला मोठा वाटा रात्रभर बांधलेल्या बँडेजचा आणि त्यात केलेल्या हालचालींचा होता. कमी ताणाचे बँडेज हात स्वस्थ असताना फारसे आवळत नाही. पण मूठ मिटली, कोपर वाकवले की फुगणाऱ्या स्नायूला बाहेरून भिंतीसारखा विरोध मिळतो आणि मधला द्रव वर ढकलला जातो. म्हणून बँडेज बांधून नुसते बसून राहिले, तर निम्मा उपयोग वाया जातो. मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरवणे, कोपर वाकवणे, खांदा उचलणे, आणि प्रत्येक दहा वेळांनंतर पोट फुगवून तीन-चार खोल श्वास, असा सकाळ-संध्याकाळचा व्यायाम ताईंना दिला होता आणि त्या तो भाकरी थापण्याइतक्या निगुतीने करत.

दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो माझ्या मनात अजून आहे. “मग मॅडम, जलमभर पोरं रगडली ती फुकटच म्हणायची का?” मी नाही म्हणाले, आणि ते मन राखण्यासाठी नव्हते. निरोगी स्नायूला चांगल्या हाताची मालीश मिळाली की ताठरपणा उतरतो, दुसऱ्या दिवशीचे अंग दुखणे थोडे कमी होते, झोप लागते. परंतु कुस्तीनंतर अंगात साचलेले लॅक्टिक आम्ल मालिशीने निघून जाते, ही तालमीतील समजूत बरोबर नाही. ते तासाभरात आपोआप ओसरते, आणि पडून राहण्यापेक्षा सावकाश चालत राहिले तर अधिक लवकर ओसरते. पायातील रक्त वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरीचा स्नायू करतो. तो आवळला की शिरेतील रक्त झडपांमधून वर जाते, सुटला की खालून नवे भरते. म्हणून पोरांना आधी दहा मिनिटे आखाड्याभोवती चालू द्यावे आणि मग खुशाल तेल लावावे. हे ऐकून ते फार खूश झाले नाहीत.

ताईंची काळजी वेगळी होती: बादली उचलायची की नाही, मांडवाखाली हात वर करून विरळणी जमेल की नाही. पूर्वी अशा रुग्णांना जन्मभर जड काही उचलू नका, असे सांगत. २००९ मध्ये अमेरिकेत १४१ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत, देखरेखीखाली सावकाश वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले, असे दिसले. आम्ही हातावर दाब देणारी घट्ट लवचिक बाही चढवून अर्ध्या किलोच्या पिशवीपासून सुरुवात केली.

तीन आठवड्यांनी दोन्ही हातांतील फरक ६२० वरून २९० मिलिलिटरवर आला. तो शून्य होणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. जुलैच्या दमट हवेत घामोळ्यांना कंटाळून त्यांनी चार दिवस बाही घातली नाही, तेव्हा हात पुन्हा भरला आणि आठवडाभर बँडेज बांधावे लागले. ऑक्टोबर छाटणीला मात्र त्या रबरी हातमोजे घालून बागेत उतरल्या, दर तासाला थांबून हात हलवण्याच्या अटीवर. ब्लाउजची बाही अजून एक बोट रुंदच आहे.

सरावासाठी म्हणून दादांनी वजनकाटा त्या जानेवारीतच मागून नेला होता. तो परत आलेला नाही. त्यावर सून आता बाळाचे लंगोट वाळण्याआधी बेदाण्याचे पुडे मोजून घेते, असे परवा ताईंनी हसत सांगितले. आम्ही वाळूच्या पिशव्या समोरच्या किराणा दुकानात नेऊन मोजतो.