तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी ट्रायम्फ मोटरसायकल झाकून का ठेवत नाही?

"एवढी जुनी गाडी रस्त्यावर कशाला काढतेस? नीट झाकून जपून ठेव की!" साताऱ्याहून मावशीचा फोन आला की हा प्रश्न ठरलेला. पेट्रोल पंपावर अनोळखी माणसंही हेच विचारतात. गेल्या महिन्यात मिरजेच्या मावसभावानेही विचारलं, आणि त्याला उत्तर खरोखर हवं होतं. त्याच्या आजोबांची बीएसए, तीही जुनी ब्रिटिश मोटरसायकल, ताडपत्रीखाली वीस वर्षं उभी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी गाडी १९५७ सालची ट्रायम्फ टायगर ११०. ६४९ सीसी, दोन सिलिंडर, ठिणगी देणारा लुकासचा मॅग्नेटो, अमलचा एकच कार्बोरेटर. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहते आणि ही गाडी इथून जेमतेम दहा किलोमीटरवर, मेरिडनला तयार झाली. ट्रायम्फचा कॉव्हेंट्रीतला कारखाना नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला, म्हणून १९४२ मध्ये मेरिडनला नवा सुरू झाला. १९८३ मध्ये तोही बंद पडला. आता त्या जागी घरं आहेत आणि एका गल्लीला ट्रायम्फच्याच एका मॉडेलचं नाव आहे, बॉनव्हिल क्लोज. मी तिथे गाडी घेऊन जाते, बंद करते, दोन मिनिटं थांबते आणि परत येते.

ती माझ्याकडे आली तेव्हा अकरा वर्षं झाकून ठेवलेली होती, तीही प्रेमाने. क्रोमला मेण लावलेलं, वर घोंगडी, टायर नवे. तरी आतून ती पार बसलेली होती. या गाड्यांचं ऑईल इंजिनाच्या तळाशी नसतं, सीटखालच्या वेगळ्या टाकीत असतं. पंप ते इंजिनात ढकलतो आणि परत टाकीत आणून सोडतो. गाडी नुसती उभी राहिली की ऑईल पंपातून थेंब थेंब खाली इंजिनात उतरतं. टाकी रिकामी दिसली म्हणून विकणाऱ्याने वरून ताजं ऑईल भरलं होतं. मी किक मारली आणि इंजिनात आधीच साठलेलं काळं ऑईल वाट मिळेल तिथून फरशीवर आलं. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. यातलं काहीही चालवून झिजलं नव्हतं.

मॅग्नेटोने मात्र मला खरं रडवलं. त्याच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यावर त्या काळी शेलॅकचा लेप असायचा, म्हणजे आपली लाख. वर्षानुवर्षं दमट हवेत पडून राहिली की ती मऊ पडते, आणि शेजारचा कंडेन्सरही दगा देतो. लक्षण फसवं असतं. थंड इंजिन एका किकमध्ये सुरू. केनिलवर्थपर्यंत मजेत गेले, चहा प्यायले, बाहेर येऊन किक मारली तर गाडी मेलेली. प्लग काढून पाहिला, ठिणगी नाही. दीड तास फुटपाथवर बसून राहिले. इंजिन गार झालं आणि पहिल्याच किकमध्ये गाडी धरली. मग वेटोळं नव्याने गुंडाळून घेतलं, कंडेन्सर बदलला. त्याला सहा वर्षं झाली, पुन्हा त्रास नाही.

म्हणून माझा नेम आहे: आठवड्यातून एकदा, निदान तीस किलोमीटर. नुसतं गॅरेजमध्ये पाच मिनिटं चालू करून ठेवणं तर वाईटच. इंजिन पुरतं तापत नाही, आत पाण्याचा अंश धरतो आणि ऑईलमध्ये मिसळतो. पेट्रोलही मी जास्त दिवस टाकीत ठेवत नाही. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं, म्हणून महागातलं पाच टक्केवालं घेते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेवढे दिवस मात्र मी गाडी काढत नाही. पावसाने रस्ता धुऊन निघाला आणि वाळला की लगेच काढते.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही, वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. म्हणून तपासणी माझी मीच करते. निघण्याआधी इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकरच्या झाकणांवर हात फिरवते, कारण ती सैल होऊन वाटेत पडतात. किक मारली की आधी इंजिनाच्या उजव्या बाजूला पाहते. तिथे एक इवलंसं बटण आहे. ऑईलचा दाब आला की ते आपोआप बाहेर येतं. मग ऑईलच्या टाकीचं झाकण उघडून ऑईल परत येतंय का बघते. ते पिचकाऱ्या मारत येतं, मध्ये हवेचे बुडबुडे. ते दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो.

मी शिकले अण्णांच्या बुलेटवर. गिअर तिलाही उजव्या पायात, पण पहिला वर आणि बाकीचे खाली. ट्रायम्फला पहिला खाली, बाकीचे वर. पायाला ही सवय लागायला महिना गेला. अण्णांचे तीन जुने पाने मात्र पहिल्या दिवसापासून चालले. ते व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही. साताऱ्याच्या पेटीतून मी ते बॅगेत घालून आणले. एकावर अण्णांनी कानशीने खूण केलेली आहे, ती अंगठ्याला लागते.

तर भावा, ताडपत्री काढ. पण लगेच किक मारू नकोस. पेट्रोलची आणि ऑईलची, दोन्ही टाक्या रिकाम्या कर, इंजिनाच्या तळाचा बोल्ट काढून खाली साठलेलं ऑईल सोडून दे. प्लग काढ, आत चमचाभर ताजं ऑईल सोड आणि एक रात्र जाऊ दे. सकाळी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू फिरव. फिरलं तर मला फोन कर. नाही फिरलं तरी कर, जोर मात्र लावू नकोस.