आमची वाटचाल: घंटी वाजायच्या आधीचं काम

आमचं काम मूळचं इंटरकॉम आणि ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजचं. नागपूरला सीताबर्डीत छोटासा गाळा, मी आणि धाकटा भाऊ, बस. तांब्याच्या तारेचं एक बरं असायचं, लाइन मिळाली की बोलणं संपेपर्यंत ती तुमची, मधे कोणी घुसत नाही. इंटरनेटवरच्या फोनमध्ये तसं नसतं, हे आम्हाला नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांकडे कळलं.

त्यांच्या वाडीच्या ऑफिसात आम्ही आयपी फोन, म्हणजे इंटरनेटच्या लाइनवर चालणारे फोन, बसवले, अमरावती आणि अकोल्याच्या शाखा 1 एमबीपीएसच्या लाइनवर जोडल्या, सकाळी आवाज एकदम साफ. पण संध्याकाळी गाड्या भरायच्या वेळेला काकांचा फोन, "काहून रे बाबू, आवाज तर विहिरीतून येऊन राह्यला!" आम्ही फोन बदलले, केबल बदलली, राउटरमधलं सिप एएलजी बंद केलं (सिप म्हणजे कॉल जोडायची भाषा, एएलजी म्हणजे राउटरमधली तिच्यात हात घालणारी सोय; ते बंदच ठेवा, सिपचे मेसेज मधल्यामधे बदलून टाकतं आणि मग एकाच बाजूचा आवाज येतो), तरी संध्याकाळ झाली की तेच रडगाणं.

मग वहीवर हिशोब मांडला. जी.711 या आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतीत आवाजाचे 64 केबीपीएस (सेकंदाला 64 हजार बिट), पण आवाजाचे तुकडे करून सेकंदाला 50 पॅकेट जातात आणि प्रत्येकात 160 बाइट आवाजावर 40 बाइट पत्ता, म्हणजे झाले 80, वर इथरनेटचं धरून 87 च्या आसपास. अकरा कॉल कसेबसे मावतात. बारावा लागला की तो एकटाच खराब होत नाही हो, बाराच्या बाराही तुटायला लागतात, कारण कोणता कॉल आधी लागला कोणता नंतर ते लाइनला माहीतच नसतं. त्यात कोणी बिल्टीचे (मालाच्या पावतीचे) स्कॅन मेलवर पाठवत असलं तर बाराचीही वाट पाहायला नको.

खरा मुद्दा इथे आहे. सिप म्हणजे निरोप्या, तो 'कॉल आलाय, घेता का' एवढंच विचारतो, आवाज वेगळा, आरटीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने जातो, आणि त्या आवाजाला रस्त्यात जागा आहे का हे साधं सिप विचारतच नाही. सिपचं आजचं मूळ स्टँडर्ड 2002 चं, आणि त्याच वर्षी ही उणीव भरायला आरएफसी 3312 (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) आलं: दोन्ही टोकांनी आधी नेटवर्कमध्ये जागा राखायची, जागा पक्की झाली की मगच समोरची घंटी वाजवायची. आपल्या मोबाइलवरच्या व्होल्टीईत, म्हणजे 4जी डेटावरून होणाऱ्या कॉलमध्ये, हीच पद्धत आहे, सिपचा निरोप गेला की आवाजासाठी वेगळा राखीव मार्ग उघडतो. उघड्या इंटरनेटवर मात्र मधले राउटर असं आरक्षण मानत नाहीत, म्हणून छोट्या ऑफिसात ते काम आपल्या एक्स्चेंजलाच करावं लागतं.

वाडीला आम्ही एका वेळी आठ कॉलची मर्यादा लावली, आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी 46 चा, म्हणजे 'हे आधी' सांगणारा, शिक्का मारला आणि राउटरला सांगितलं की हा शिक्का दिसला की आधी सोड, मेल थांबला तरी चालेल. दुसऱ्याच दिवशी काका तापले, "फोन एंगेज येऊन राह्यला, याच्यासाठी पैसे दिले का मी?" त्यांना समजवत बसलो नाही, मर्यादा काढली, बारा जणांना एकदम बोलायला लावलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ठेव आठच."

पुढे त्यांना जास्त कॉल पाहिजे होते म्हणून जी.729, म्हणजे आवाज जास्त दाबून पाठवायची पद्धत, लावलं. त्यात 20 बाइट आवाज आणि 40 बाइट पत्ता, मालापेक्षा बारदाना जड, तरी आयपीवर 24 केबीपीएसमध्ये काम होतं. आवाज थोडा पातळ वाटतो, गाडी नंबर आणि वजन सांगायला पुरतो.

तेव्हापासून कोटेशन द्यायच्या आधी आम्ही लाइन मोजतो, तीही त्यांच्या गर्दीच्या वेळी. एका बाजूने 150 मिलिसेकंदाच्या वर उशीर दिसला तर आधी लाइन सुधारा असं तोंडावर सांगतो, दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेलीही, पण खराब लाइनवर फोन आम्ही बसवत नाही.

आत्ता धंतोलीत एका हॉस्पिटलचं काम सुरू आहे. बारा कॉलची जागा आहे, त्यातल्या दोन आयसीयूच्या नावाने राखून ठेवल्यात, रिसेप्शनला कितीही गर्दी असू दे, त्या दोन दुसऱ्या कोणालाच मिळत नाहीत.