पहिल्या रात्रीचा पत्ता

म्हापशात बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे, काम म्हणाल तर विमानाची तिकिटं, ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड, अ‍ॅफिडेव्हिट आणि मुख्य म्हणजे पोर्तुगीज कागद. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जे इथे जन्मले त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो, आणि ब्रेक्झिट होईपर्यंत तो हातात आला की लोक थेट इंग्लंड गाठायचे, स्विंडन नाहीतर साउथॉल. तर वीस वर्षं माझं पोट लोकांची नावं कुठल्या ना कुठल्या रजिस्टरात घालण्यावर चाललंय. आजीचं नाव जुन्या वहीत वेगळंच लिहिलंय, आडनावाचं स्पेलिंग बापाचं एक नि मुलाचं दुसरंच, असली लफडी घेऊन लोक येतात आणि प्रत्येकाचं एकच, भाई काय पण करा पण नाव घाला.

रजिस्टरातून आपलं नाव कधी जाईल म्हणून वर्षं मोजत बसलेला माणूस मला पहिल्यांदा गेल्या जुलैत भेटला.

आदल्या दिवशी फोन आला होता. तिकिटाची तारीख बदलायची आहे आणि एक इंग्लिश ईमेल लिहून हवाय, एवढं बोलून झाल्यावर मधेच विचारलं, "भाई, ऑफिसांत भुरगीं आसतात?" मला वाटलं ह्याला पोरांच्या गोंगाटाचा त्रास असेल. म्हटलं माझी मुलगी शाळा सुटली की दीडला येते, पाचवीत आहे, गप्प बसून होमवर्क करते. तो म्हणाला मग मी बाराला येतो, दीडच्या आत उठतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार, त्यात धो धो पाऊस. बाराला आला तेव्हा नखशिखांत भिजलेला. चाळिशी पार केलेला, केस बारीक, बार्देशातल्याच एका गावचा, बोलणं आपलंच. आई जूनच्या शेवटी गेली म्हणून स्विंडनहून धावत आला होता, बारावं आटपलं, आता घर बहिणीच्या आणि ह्याच्या नावावर करायचं तर वारसाच्या कागदावर सही पाहिजे, आणि रजिस्ट्रारकडे त्या आठवड्यात सर्व्हर डाऊन, पुढची तारीख मंगळवारची. तिकीट रविवारचं. ह्यात विशेष काही नाही, असं महिन्यातून चारदा होतं. तिकीट मी पाच मिनिटांत बदललं, गुरुवार पहाट मोपा विमानतळावरून मुंबई आणि पुढे. वरचा फरक सांगितला, हो म्हणाला, एकदाही घासाघीस नाही. तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं, कारण स्विंडनहून आलेला आपला माणूस घासाघीस केल्याशिवाय पैसे देत नाही.

मग ईमेल. म्हटलं कोणाला, कंपनीच्या एचआरला का? तो म्हणाला, "ना, पोलिसांक." आणि प्लास्टिकची फाईल पुढे सरकवली. म्हणाला वाचा, वाचल्याशिवाय तुम्हाला नीट लिहिता येणार नाही, माझं लिहिण्याचं इंग्लिश कच्चं आहे आणि ह्यात एक शब्द चुकलेला चालत नाही.

मी वाचलं. २०२१ ची इंग्लंडच्या कोर्टाची ऑर्डर होती. कॉम्प्युटरवर लहान मुलांचे तसले फोटो सापडले होते. दहा महिन्यांची सजा, तीही सस्पेंडेड, म्हणजे आत गेला नाही, पण नाव पोलिसांच्या लैंगिक गुन्हेगारांच्या रजिस्टरवर दहा वर्षं. चार झाली, सहा राहिली.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मी घड्याळाकडे बघितलं. साडेबारा. मुलगी यायला एक तास.

त्याला हाकलायचं होतं मला. तिकीट झालंय, पैसे द्या, जा. पण ईमेलला पैसे कबूल झालेले आणि समोर तो सराईतासारखा एकेक कागद काढून दाखवत होता, जसा दुसरा कोणी नासिमेंतचा, म्हणजे जन्माचा, दाखला दाखवतो तसा. इंग्लंडमधून बाहेर जायचं तर निदान सात दिवस आधी पोलिसांना कळवायचं, कुठला देश, कुठल्या एअरपोर्टवर उतरणार, कुठलं विमान, परत कधी, आणि पहिल्या रात्रीचा मुक्काम कुठे. आई गेली म्हणून एवढी मुदत नव्हती तर स्टेशनवर स्वतः जाऊन हातापाया पडून कळवून आला. परत गेल्यावर तीन दिवसांत पुन्हा हजेरी. आणि हे नाही केलं तर तो वेगळा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत सजा. म्हणून तारीख बदलली ते आजच्या आज कळवायचं होतं, ईमेल करून वर फोनही, आणि तिथलं ऑफिस नऊला उघडतं, म्हणजे उन्हाळ्यात आपले दीड.

बाकीचं त्याने मी न विचारता सांगितलं. वर्षातून एकदा स्टेशनवर जाऊन सगळं पुन्हा लिहून द्यायचं, पत्ता, पासपोर्ट, बँकेचं खातं, कार्डाचा नंबर. नवं कार्ड आलं की तीन दिवसांत कळवायचं. साध्या कपड्यातला ऑफिसर कधीही बेल मारणार आणि मोबाइल मागणार, त्यातली हिस्टरी डिलीट करायची नाही, डिलीट केलेली दिसली तर झालंच. मी विचारलं, तिकडे शेजाऱ्यांना कळतं? तो म्हणाला लिस्ट पब्लिक नाही, पण निकालाच्या दिवशी तिथल्या पेपरात फोटो नि रस्त्याचं नाव छापून आलं, आणि संध्याकाळपर्यंत ते स्विंडनच्या गोंयकारांच्या मोबाइलवर फिरलं. बायको त्याच आठवड्यात गेली. वेअरहाऊसची नोकरी गेली, आता फूड फॅक्टरीत रात्रपाळी, का तर रात्री कोण कोणाशी बोलत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिथे आपले लोक हॉल घेतात, आरत्या, फुगड्या, तिथे गेला नाही चार वर्षं. कोणी येऊ नको म्हटलं का, विचारलं. "म्हणूंक कशाक जाय?" म्हणायला कशाला हवं, एवढंच बोलला.

आणि मग तो पहिल्या रात्रीचा पत्ता. कागदावर आईच्या घराचा नव्हता, इथल्या एका लॉजचा होता. म्हटलं मयत घरात, आणि तुम्ही लॉजवर? तर घरी बहिणीची दोन मुलं, मोठी दहावीत, धाकटा नऊ वर्षांचा. त्याच्या ऑर्डरीत आहे, अठरा वर्षांखालच्या कोणाबरोबर एकटं राहायचं नाही, मुलाच्या आईबापांना ह्या गुन्ह्याबद्दल सगळं माहीत असून त्यांची परवानगी असली तरच. बहिणीला काय सांगितलं? मला एसीशिवाय झोप लागत नाही आता. आणि ती बिचारी चार लोकांत सांगत फिरतेय की लंडनला जाऊन दादा साहेब झाला, आईच्या घरात एक रात्र राहिला नाही.

दीड वाजायला आले तसा तो उठला. फोन लागायचा होता, ईमेलचं उत्तर यायचं होतं, पण माझ्या मुलीची चाहूल लागली तसा मोबाइल घेऊन बाहेर जिन्यावर गेला. ती आत आली, रेनकोट काढला, म्हणाली पप्पा बाहेर एक काका भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. मी म्हटलं फोन चाललाय त्यांचा.

आता पुढचं सांगतो ते पाच मिनिटांचं आहे पण मला अजून दिसतं. दीड ते साडेतीन आमच्याकडे सगळं बंद, दुकानं अर्धी शटर ओढून आडवी झालेली, जिन्यात काळोख. खालून कोणीतरी चढत आलं. त्याची बहीण, हातात डबा, बरोबर तो नऊ वर्षांचा. झालं होतं असं की आदल्या दिवशी तिने पोराला डबा घेऊन लॉजवर पाठवलं होतं तर मॅनेजरने खालीच अडवलं. त्याला काही माहीत असून नव्हे, आमच्याकडे २००३ चा चिल्ड्रन्स अ‍ॅक्ट आहे, कुटुंबाबरोबर किंवा नातेवाइकाबरोबर त्या खोलीत नाव नोंदलेलं नसेल तर मुलाला खोलीत सोडायचंच नाही, आणि तो मॅनेजर कायद्याला घट्ट. म्हणून आज ती विचारत विचारत माझ्याकडे आली. मी दारात गेलो. पोरगा "मामा!" करून धावला आणि त्याच्या कमरेला मिठी मारली, आणि त्याने दोन्ही हात वर केले. पोलीस झडती घेताना करतात तसे, कोपरं सरळ, एका हातात फोन, त्यातून रिंग ऐकू येतेय. खाली केलेच नाहीत. वर माझ्या ऑफिसात माझी मुलगी, खाली भाचा, आणि हा मधल्या पायरीवर हात वर करून उभा. बहीण हसली, म्हणाली असा कसा रे तू, पोर भिजलंय म्हणून?

तेवढ्यात तिकडून फोन उचलला गेला आणि तो इंग्लिशमध्ये स्वतःचं नाव, जन्मतारीख सांगत खाली उतरून पावसात गेला.

बहीण आत बसली. डबा टेबलावर ठेवला, तेऱ्याची म्हणजे अळूची भाजी होती, वास सुटला होता. मला म्हणाली, "भाई, तुम्हाला काही बोललाय का तो? नवरा-बायकोचं काय आहे का? पोराला जवळसुद्धा घेत नाही." कागद माझ्या ड्रॉवरमध्ये. मी म्हटलं तिकिटाचं चाललंय वहिनी, तारीख बदलली, बाकी मला काय ठाऊक. हे मी मुलगी समोर असताना बोललो. ती वहीतून मान वर काढून माझ्याकडे बघत होती, तिला कळतं मी कधी थापा मारतो.

मी त्या दिवशी घाबरट वागलो असं आज वाटतं. आमच्या गोव्यात ह्या विषयाचं एक चित्र डोक्यात पक्कं बसलंय. मडगावात अनाथ मुलांचं घर चालवणारा तो फ्रेडी पीट्स, ९१ ला पकडला, ९६ ला जन्मठेप झाली, मी तेव्हा कॉलेजात होतो, पेपर वाचून अंगावर काटा यायचा. तेव्हापासून वाटतं असला माणूस म्हणजे लांबचा कोणी, बहुतेक गोरा, किनाऱ्यावर आलेला. तेऱ्याची भाजी खाणारा, बार्देशी बोलणारा, आईच्या बाराव्याला आलेला असेल असं चित्रात नसतं. आणि दुसरीकडे त्याची दया येऊ लागली की मी स्वतःला आठवण करून द्यायचो, फोटो म्हणजे फोटो नव्हे, तो काढला तेव्हा तिथे कोणाचं तरी पोर होतं. त्या पोराचं नाव माझ्या समोरच्या एकाही कागदावर नव्हतं.

बहीण गेल्यावर तो वर आला. तोवर उत्तर आलं होतं, दीड ओळ, कळलं, नवी तारीख नोंदवली, प्रवास नीट होवो. बस. ह्या दीड ओळीसाठी माणसाचे हात कापत होते. मी मुलीला खाली बेकरीत पाठवलं आणि त्याला दारात उभं राहूनच बोललो. म्हटलं तुमच्या ऑर्डरीत लिहिलंय आईबापांना माहीत असेल तर. तुम्ही बाकीचं सगळं पाळता, एसीचं सोंग करता, हात वर करता, तेवढं एक वाक्य सोडून. तो म्हणाला इथे कोण बघायला येतंय, तरी पाळतो ना मी. म्हटलं तेच म्हणतोय, कोण बघत नाही तरी पाळता, मग तिला का सांगत नाही. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, आई गेली, आता माझं म्हणून तेवढं एकच दार आहे, भाई. मी म्हटलं ते उघडायचं का बंद करायचं ते तिने ठरवायचं ना, मुलं तिची. मंगळवारी सही झाल्यावर सांगतो म्हणाला. मला ते आवडलं नाही. सही आधी, सांगणं नंतर, ह्याचा अर्थ मला पण कळतो नि त्याला पण. म्हटलं सहीच्या आधी. पैसे मोजून दिले आणि गेला, डबा घेऊन गेला.

रात्री मी मोबाइलवर वाचत बसलो. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याने घर घेताना वेबसाइटवर आजूबाजूला कोण आहे ते बघितलं होतं, अमेरिकेत कोणालाही दिसतं. न्यू जर्सीतच १९९४ मध्ये मेगन नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा खून झाला त्यानंतरचं ते सगळं, आणि २०१६ च्या कायद्यापासून मुलांवरच्या गुन्ह्यातल्या अशा लोकांच्या पासपोर्टवर तशी ओळच छापतात. आपल्याकडे पण सप्टेंबर २०१८ पासून केंद्राचा डेटाबेस आहे, सुरुवातीलाच चार लाख चाळीस हजारांवर नोंदी होत्या, पण तो फक्त पोलिसांना उघडतो. बायकोने विचारलं काय बघतोस एवढं, तिला सांगितलं. ती म्हणाली त्या बाईला सांगितलंस का? नाही म्हटलं, तर कूस बदलून झोपली.

बुधवारी दुपारी बहीण एकटीच आली. तिकिटाचा थोडा फरक राहिला होता तो द्यायला, म्हणे दादाने पाठवलंय. छत्री दारात ठेवली, बसली नाही. नोटा मोजून टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" म्हटलं शुक्रवारी. मी भाजी घेऊन आले तेव्हा ठाऊक होतं? हो म्हटलं. मला वाटलं आता बोलेल, बोलली असती तर बरं झालं असतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "२०१९ च्या चवथीला तो आलेला, अकरा दिवस घरीच होता. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, मामाकडेच झोपायचा. ते ह्याच्या आधीचं की नंतरचं?"

मी म्हटलं आधीचं, कोर्टाचा कागद २०२१ चा आहे. बोललो आणि लगेच लक्षात आलं की ह्या उत्तराने तिचं काहीच भागत नाही, उलट. कोर्टाची तारीख म्हणजे सापडल्यानंतरची तारीख. तिला ते माझ्या आधी कळलं होतं.

पावती फाडायची म्हणून मी बुक पुढे ओढलं, विचारलं नाव कोणाचं घालू, तुमचं की त्यांचं.

"नाव घालूच नका," म्हणाली.